साठ साड्या, दोन एकर हरभरा आणि माझा पहिला हरणांचा सीझन

भाऊबीजेला ओवाळून झालं आणि दादाने दरवर्षीसारखं विचारलं, "बोल मंगल, काय पायजे?" दरवर्षी मी "काही नको रे" म्हणते आणि तरी तो पाकीट देतोच. यंदा मी ताट हातातच ठेवलं आणि म्हटलं, "या सीझनची हरणांची राखण मला दे."

दादा हसला नाही. वहिनी मात्र पदर तोंडाशी धरून हसली, ते मी बरोबर पाहिलं.

मी बावन्न वर्षांची. सावेडीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. तीस वर्षं मशीनवर बसून कंबर आखडलेली, आणि रानात शेवटचं काम केलं ते लग्नाआधी. माहेर कर्जत तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की तुम्ही गाड्या भरून हरणं बघायला याल आणि माझी वहिनी तुमच्यासाठी भाकरी थापत बसेल. तिथे दादाचं दोन एकर रान आहे, अगदी माळाला लागून. माळावर काळविटांचा कळप. हरभरा चार बोटं वर आला की कळप उतरतो आणि कोवळे शेंडे असे खुडून खातो की दुपारी रान बघावं तर नुसती ढेकळं. गेली दोन वर्षं हेच झालं. पूर्वी दादा महिनाभर खोपटात मुक्काम ठोकून राखण करायचा, पण दोन वर्षांपासून गुडघ्यापायी ते सुटलं. यंदा श्रावणात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो बाजेवरच आहे.

"पेरलंय," तो म्हणाला, "पर ह्ये शेवटचं. ह्या वक्ताला बी खाल्लं तर रान वाट्यानं देऊन टाकनार दुसऱ्याला. मला आता न्हाई सोसत."

तो ते सहज बोलून गेला. माझं माहेर म्हणजे ते रान. त्या बांधावर मी हरभऱ्याचा हुळा भाजून तोंड काळं केलंय, त्याच विहिरीत पोहायला शिकलेय. ते दुसऱ्याच्या हातात गेलं की माहेरी जाऊन मी करणार काय? प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पिणार, पाहुणीसारखी.

"तुला जमायचं न्हाई," दादा म्हणाला.

"जमवते," मी म्हटलं.

आता तयारी. इंटरनेटवर हरणांबद्दल शोधलं की परदेशातल्या शिकाऱ्यांचंच निघतं. पहिल्यांदा शिकारीला जाणाऱ्यांनी कपडे कोणते घालावेत, बसावं कुठे, वारा कसा ओळखावा. आपल्याकडे हरणाच्या शिकारीला थेट तुरुंग आहे, आणि असायलाच हवा. पण मला त्यातून एक युक्ती सुचली. हे सगळं उलटं वाचायचं! शिकारी म्हणतो, अंगाला वास नको. मी भडक मोगऱ्याचं तेल घेतलं. शिकारी म्हणतो, मातकट रंग घाला; मी भगवा टीशर्ट घेतला. शिकारी म्हणतो, आवाज करू नका. मी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि लाटणं घेतलं. एक गोष्ट मात्र सुलटीच घेतली, ती म्हणजे तासनतास उभं राहण्याची सवय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी भिंतीपाशी पुतळ्यासारखी उभी राहायचे. समोरचा चहावाला विचारायला आला, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

पहाटे पाचला इमारतीचे चार मजले पाच वेळा चढउतार. पहिल्या दिवशी जीव निघाला, आठव्या दिवशी फक्त घाम निघाला. एक दुर्बीणही मागवली, स्वस्तातली. त्याच पैशात दोन दिवाळी अंक आणि मिठाई आली असती, पण म्हटलं, होऊ दे खर्च.

आणि मुख्य गोष्ट, साड्या. आमच्या भागात रानाभोवती जुन्या साड्या बांधतात हे तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल. वाऱ्यावर फडफडतात, उन्हात चमकतात, जनावर बिचकतं. विजेची तार लावणारेही महाभाग असतात. त्यांच्याबद्दल मी इथे लिहिलं तर शिव्याच लिहीन, म्हणून पुढे जाते. दोन एकराच्या कडेला साधारण साठ-पासष्ट साड्या लागतात. मी दुकानात पाटी लावली: "जुन्या साड्या द्या, हरभरा वाचवा." बायकांनी अक्षरशः कपाटं रिकामी केली. देशपांडेकाकूंनी तर जांभळी चकचकीत साडी देताना बजावलं, "ही माझ्या जावेने दिलेली आहे. हिला अगदी पुढच्या रांगेत लाव."

टीप म्हणून सांगते, सुती साडी नको. दहिवरात कुजते. सिंथेटिकच घ्या.

आता इथे मी माझी अक्कल चालवली. गावात लोक साड्या एकेक करून खुंटांना बांधतात, मध्ये फटी राहतात, टोकं लोंबत राहतात. माझ्यातल्या टेलरला ते बघवेना. मी साठच्या साठ साड्या पदराला पदर जोडून मशीनवर शिवून काढल्या, डबल टीप मारून. तीन दिवस लागले. सलग एकच पट्टा, कुठे सुई शिरायला जागा नाही. दादाला व्हिडिओ पाठवला. त्याचा उलट व्हॉइस मेसेज आला, "लई भारी! मुंगी शिरायची न्हाई. इंचभर फट ठिवू नको बघ."

गुरुवारी सकाळी निघाले. तीन पोती भरून साड्या, रिक्षावाल्याने माळीवाडा स्टँडवर सोडताना मीटर सोडून भाव केला, मीही त्याला सोडलं नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण पोत्यांना नाही, हे लक्षात ठेवा. कंडक्टर पोत्यात डोकावून म्हणाला, "मावशी, लग्नाचा बस्ता का?"

"हो, हरणाकडचं लग्न आहे."

"मग लगेज लागंल. नवरी कोन का असंना."

सोलापूर रस्ता आता बराच सुधारलाय, पूर्वीसारखी पाठीची सालटी निघत नाहीत. मिरजगावला उतरून स्टँडसमोर गरम भजी खाल्ली. तिथून काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या ड्रायव्हरकडे असते. माझ्या पोत्यांवर दोन म्हाताऱ्या आरामात बसल्या, वर मलाच म्हणाल्या, "बाई, मऊ हाय गं सामान तुझं."

घरी पोचले तर वहिनीने हुलग्याचे शेंगोळे केले होते. सुमनवहिनी दादापेक्षा कमी बोलते आणि जास्त बघते. एक गाय, सहा शेळ्या आणि एक नवरा सांभाळते. जेवताना दादाने रानाचा नकाशा भाकरीच्या तुकड्यांनी मांडला: मधे हरभरा, मावळतीला माळाकडून तुरीचा पट्टा, दक्षिणेला बांध आणि बाभळ. तूर डोक्याएवढी झालीय, पण तुरीला हरणं फारशी तोंड लावत नाहीत. धोका हरभऱ्याला.

शुक्रवारचा अख्खा दिवस खुंट ठोकण्यात गेला. वहिनी पहारीने भोक पाडायची, मी बाभळीचा खुंट रोवायची. संध्याकाळी पट्टा ताणून सुतळीने बांधला, तुरीसकट सगळं आत घेतलं. शेवटची जोड तिथे रानातच सुई-दोऱ्याने हातशिलाईने घातली. मावळतीच्या उन्हात साठ रंग फडफडायला लागले. खरं सांगते, मला माझा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. नवरीचा पन्नास हजारांच्या शालूवरचा ब्लाऊज शिवल्यावरही नाही.

वहिनी कुंपणाला फेरी मारून आली. "वन्सं, कुटंच मोकळं न्हाई ठिवलं?"

"नाही! तेच तर."

ती पहार उचलून घराकडे निघाली. असं का म्हणाली, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शनिवारी उजाडता उजाडता रानात हजर. भगवा टीशर्ट, मोगऱ्याचं तेल, हातात डबा. थंडी कडाक्याची. आणि माळाच्या उतारावरून ते आले. पुढे काळवीट, पाठ काळीभोर, शिंगं पिळाची, मागे पंधरा-सोळा हरणी. दुर्बीण डोळ्याला लावली आणि क्षणभर मी राखण वगैरे सगळं विसरले. काय देखणं जनावर, बाई! मग भानावर आले. कुंपणापासून पन्नास पावलांवर कळप थबकला. वारा आला, साड्या सळसळल्या, मी डबा बडवला. कळप वळला आणि उड्या मारत माळावर नाहीसा झाला.

मी रानात एकटी नाचले. खोटं कशाला बोलू.

पण एक हरणी गेली नाही. तुरीच्या बाजूला, बरोबर देशपांडेकाकूंच्या जांभळ्या साडीसमोर ती उभी राहिली. मी डबा बडवला, ती वीस पावलं मागे गेली आणि परत आली. ओरडले, परत आली. ढेकूळ भिरकावलं, तरी परत आली. काय निर्लज्ज बया! सकाळचे दहा वाजले, अकरा वाजले. माझा घसा बसला. मी तिला 'भवानी' नाव ठेवलं आणि ठरवलं, बघू आज तू हरतेस का मी.

बाराला वहिनी भाकरी घेऊन आली. मी तणतणत सांगितलं, "बघा तुमची ती भवानी! सकाळपासून डोळा ठेवून आहे हरभऱ्यावर."

वहिनीने दुर्बीण मागितली. आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होती. मला वाटलं, म्हणेल केवढं जवळ दिसतंय. ती बराच वेळ बघत राहिली. मग दुर्बीण खाली घेऊन म्हणाली, "वन्सं, ती हरभऱ्याकडं बघतच न्हाई. तुरीकडं बघतीया. अन तिची कास बघा."

मी पाहिलं. पोटाखाली कास तटतटून भरलेली, ताणलेली.

"दूध दाटलंय तिचं. कालधरनं कोनी प्यालेलं न्हाई. हरीण पाडसाला तुरीत लपवून चरायला जातंय. दोन-तीन येळा येऊन पाजतंय." वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपन काल त्येला आत घातलं अन त्याच्या आईला भाईर."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सकाळपासून मी एका आईला ढेकळं मारत होते. रडूच आलं, आणि स्वतःचा रागही आला, जास्त तोच.

आम्ही दोघी तुरीत हळूहळू ओळीने शिरलो. पाचव्या ओळीत ते होतं. मांजराएवढं, मातीच्याच रंगाचं, मान जमिनीला टेकवून. डोळे उघडे, पण हलत नव्हतं. मी वाकले तशी वहिनीने मनगट धरलं. "हात लावू नका. मानसाचा वास लागंल त्येला." हे तुम्हीही लक्षात ठेवा. रानात एकटं पाडस दिसलं म्हणजे ते टाकलेलं नसतं. उचलून घरी आणणं हा गुन्हा तर आहेच, आणि ते जगतही नाही.

बाहेर येऊन दादाला फोन लावला. "दादा, तुरीच्या बाजूने कुंपण उसवतेय."

"येडी झालीस का? कळप समदा आत यील! तुला म्हनलं हुतं ना, इंचभर..."

"तुरीत पाडस आहे. आई बाहेर राहिलीय. कालपासून."

तिकडे बाज करकरलेली ऐकू आली. मला ठाऊक होतं तो काय मोजतोय. कुंपण उघडायचं म्हणजे तिसऱ्या वर्षी पण हरभरा जायचा, आणि त्यासोबत रान. मी म्हणणार होते, दादा, तू सांगशील तसं. पण ते खोटं झालं असतं. तो नाही म्हणाला असता तरी मी उसवणार होतेच.

मग त्याचा आवाज आला. "वारं कुठनं हाय?"

"उत्तरेकडून."

"मंग दक्षिनंच्या बांधाखाली बसा, बाभळीआड. अन त्ये वासाचं तेल धू आधी. इथवर वास येतोय तुझा."

मी विहिरीवर डोकं धुतलं, थंडगार पाण्याने, मातीने चोळून. वहिनीने शेळ्यांच्या गोठ्यातली घोंगडी माझ्या भगव्या टीशर्टवर टाकली. मग मी कात्री काढली आणि जांभळ्या साडीपासून टीप उसवायला लागले. डबल टीप! कोणी सांगितली होती मारायला! शेजारच्या दोन साड्याही सोडल्या, खुंट उपटले, चांगली पंधरा पावलांची वाट मोकळी केली.

आणि बाभळीआड जाऊन बसलो. वारा तोंडावर, बोलणं बंद, हालचाल बंद. दहा दिवस मी शिकाऱ्यांचं सगळं उलटं वाचलं होतं. त्या दुपारी सगळं सुलटं केलं, दबा धरला, वास लपवला, श्वाससुद्धा जपून घेतला, ती आत यावी म्हणून.

दीड तास. पायाला मुंग्या, मानेवर माशी. ती मोकळ्या वाटेशी यायची, थांबायची, कान फिरवायची, परत जायची. वहिनी पुटपुटत होती, "ये गं बाय, ये." अखेर मान खाली घालून ती आत आली आणि तुरीत दिसेनाशी झाली. जरा वेळाने तुरीचे शेंडे एका जागी हलायला लागले, ठरावीक ठेक्यात. वहिनी रोज करडं पाजते, तिने बघताच ओळखलं. "ढुशा देतंय," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. मी घोंगडीने पुसले.

आता हरभऱ्याचं काय? रान सोडून द्यायला मी आले नव्हते. पाडस पायावर धावेपर्यंत आठवडा तरी लागणार, तोवर वाट उघडी राहणार. संध्याकाळी आम्ही मागच्या, म्हणजे माळापासून लांबच्या बाजूच्या थोड्या साड्या सोडून, उसवलेल्या त्यात घालून, तूर आणि हरभऱ्याच्या मधे दुसरं कुंपण घातलं. या वेळी शिवलं नाही, गाठी मारल्या. साड्या पुरेनात. गावात मिरवायला आणलेली माझी चांगली मोरपंखी साडीही बांधली. तरी टोकाला चार-पाच पावलांचं भोक राहिलंच.

रविवारी पहाटे त्या भोकात मी स्वतः उभी राहिले. हरणी आत पाडसाजवळ होती, त्यामुळे डबा वाजवायचा नव्हता, ओरडायचं नव्हतं. कळप उघड्या वाटेने तुरीत शिरला. काळवीट माझ्यापासून तीस पावलांवर. हात पसरून मी दोन तास तशीच उभी राहिले, दुकानातल्या भिंतीपाशी राहायचे तशी. पहिल्यांदा चार-पाच हरणी माझ्या कडेने शिरल्या आणि कोपऱ्यातल्या आठ-दहा ओळी फस्त केल्या. जीव तुटत होता, पण बाकीचा कळप माझ्यासमोरून मागे फिरला. हात खाली घेतले तेव्हा ते माझे वाटत नव्हते.

सोमवारी मला परतायलाच हवं होतं, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांचे ब्लाऊज खोळंबले होते. सगळ्यात मोठी काळजी, त्या भोकात आता कोण? दादाला सांगताना माझी मान खाली होती. "आठ-दहा ओळी गेल्या, दादा. माझ्यामुळे."

दादाने काठी घेतली आणि वहिनीला म्हणाला, "शेजारच्याला टेम्पो आनायला सांग. बाज टाक त्येच्यात." वहिनीने विचारलं, गुडघ्याचं काय? "गुडघा काय घरी बसून बी दुखतोयच की. भोकात बाज टाकायची, वर मी."

काळी-पिवळीतून मागे वळून पाहिलं तर रस्त्याने टेम्पो चाललेला, टेम्पोत उभी बाज, आणि बाजेला धरून माझा भाऊ. कितीतरी महिन्यांनी तो रानात निघाला होता.

सावेडीत आल्यावर दोन दिवस हात वर होत नव्हते. खर्चाचं विचाराल तर प्रवास, सुतळी आणि दुर्बीण. बाकी सगळं मागून आणलेलं. देशपांडेकाकू आल्या. "माझी जांभळी पुढच्या रांगेत लावलीस ना?" म्हटलं, "काकू, तीच सगळ्यात आधी काढली." त्या रुसल्या. मग सगळी हकीकत सांगितली, तर बसून राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "जावेला सांगते."

रोज फोनची वाट बघायचे. दादा फोन करत नव्हता आणि मला विचारायचा धीर होत नव्हता. बाराव्या दिवशी मी एका नवरीचं माप घेत होते तेव्हा त्याचा फोन आला.

"गेलं," दादा म्हणाला.

माझ्या हातातून टेप पडली. "सगळा?"

"अगं, पाडस! सकाळी आईमागं उड्या मारत माळावर गेलं. म्या सोता बघितलं, बाजेवरनं. वाट बंद करून टाकली आता. हरभरा फुलावर आलाय. कोपरा तेवढा गेला." मग थोडा थांबून म्हणाला, "पुढल्या साली कुंपन शिवताना तुरीकडं तेवढी वाट आधीच सोड."

पुढल्या साली. मी नवरीकडे पाठ फिरवली, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून.

"केवढी सोडू?"

"एक हरनी शिरंल येवढी."

"दादा, माप सांग ना. फुटात सांग."

"म्या कुठनं सांगू? भोकात हात पसरून दोन तास कोन उभं हुतं? तेवढीच सोड."

नवरीला म्हटलं, बाळ, एक मिनिट थांब. टेप उचलून तिच्या हातात दिली आणि भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत मोज बरं," मी म्हटलं, "आणि नीट मोज. हरणीचं माप आहे."